सहावा साचा

पीठ तिसऱ्यांदा चाळून होत होतं तेव्हा ताई आली. जेवायला बाराला बोलावलं होतं आणि ही साडेआठलाच दारात. हातात फूल नाही, बापासाठी भेट नाही, नुसती खांद्याला पर्स आणि तो चेहरा. बावीस वर्षं विम्याचे दावे तपासले की चेहरा तसा होतो. समोरच्यानं 'कशी आहेस' म्हटलं तरी हिच्या मनात पहिला प्रश्न, हा हे का विचारतोय?

"किल्ली?" तिनं भावजयीला विचारलं.

सुनेनं गळ्यातली दोरी ओढून दाखवली.

"झोपताना?"

"तेव्हाही गळ्यातच."

"बरं." ताईनं स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची ओढली आणि ती अशी बसली की कुणाला आत जायचं तर तिचे गुडघे ओलांडावे लागतील.

सून परत चाळणीकडे वळली. ती फार्मासिस्ट, त्यामुळे तिच्या ओट्याचंही औषधांचं दुकान झालं होतं. तांदळाचं पीठ, बटाट्याचा स्टार्च, जवसाची पूड, ईसबगोल. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, तारखेखाली सही. गव्हाचा कण, दुधाचा थेंब किंवा सोयाबीनचं काहीही या ओट्यावर गेल्या तीन वर्षांत आलेलं नव्हतं. या तिन्ही गोष्टी मुंगीच्या जिवावर उठतात. मुंगी ही तिची सात वर्षांची मुलगी. काहीही तोंडात घालण्याआधी त्याभोवती दोन फेऱ्या मारते आणि 'यात काय आहे?' असं विचारते, म्हणून मुंगी. आणि जन्माला आली ती कुठे, तर तीन पिढ्या मैदा मळणाऱ्या घरात. नशिबाला थट्टा सुचली की ती अशी.

आज उस्ताद पंच्याहत्तर वर्षांचे होत होते. बेकरीतले कारागीर त्यांना उस्ताद म्हणायचे, ते ऐकून मुलं म्हणायला लागली, मग सून, मग नात. दोन वर्षांपूर्वी त्यांचा डावा हात कायमचा लुळा पडला आणि बेकरी बंद झाली, तरी केक विकत आणायची गोष्ट या घरात कुणी तोंडातून काढली नसती. या वेळी तर उस्तादांनीच फर्मान काढलं होतं, ज्यातला तुकडा मुंगीला खाता येत नाही तो केक मला नको. म्हणजे करायचा सुनेनं.

"तू अजून करतेस, याचंच मला नवल वाटतं," ताई म्हणाली. "दोनदा झाल्यावर."

पहिल्यांदा झालं ते दोन महिन्यांपूर्वी. सुनेनं स्वतः मोजून, मळून, भाजलेला पाव मुंगीनं खाल्ला आणि अर्ध्या तासात तिच्या अंगभर गांध्या उठल्या. दुसऱ्यांदा तीन आठवड्यांपूर्वी, छोट्या केकनं. ओठ सुजले, श्वासाची शिट्टी वाजायला लागली, मांडीत इंजेक्शनचं पेन खुपसून दवाखान्यात पळवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, दूध गेलंय पोटात, कुठून तरी. सुनेनं प्रत्येक बरणीतलं पीठ तपासायला पाठवलं. सगळं शुद्ध निघालं. खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता, पण वस्तू निर्दोष निघाल्या की उरतात ती माणसं.

आणि घरात मोठी माणसं चार. ती स्वतः, नवरा, उस्ताद आणि माई.

"माई काय म्हणाली होती, आठवतं ना?" ताईनं आवाज उतरवला. माई तिची सख्खी आई, पण ताईच्या फायलीत नात्याचा रकाना नसतो. "पोरीचं हे दुखणं कळलं त्या दिवशी. थोडं थोडं पोटात जाऊ द्या, अंगाला सवय होते. मी समोर होते."

"त्याला तीन वर्षं झाली, ताई."

"माझ्याकडे दहा-दहा वर्षांच्या फायली असतात."

सुनेनं कपाटाचं कुलूप काढलं. आत पत्र्याचे सहा साचे होते, चार पावाचे लांबट आणि दोन केकचे गोल. बेकरीतल्या जुन्या साच्यांत पन्नास वर्षांचा मैदा आणि लोणी मुरलेलं, म्हणून तिनं नवे कोरे मागितले होते, आणि अडीच महिन्यांपूर्वी उस्तादांनी ओळखीच्या पत्रेवाल्याकडून ते बनवून घेतले होते. तिच्या हातात देताना सहाच्या सहा काळेभोर होते. "घासायचे नाहीत हं," ते म्हणाले होते, "नुसते पुसायचे." सासऱ्यांचा एवढा एक शब्द तिनं प्रश्न न विचारता पाळला होता.

आता त्यातले पाच पांढरे लख्ख झाले होते. मुंगी दवाखान्यातून आल्यावर आठ दिवसांत, एकेक करून. पाचवा चमकलेला दिसला त्या दिवशी सुनेनं कपाटाला कुलूप लावलं.

"जळालेल्या दुकानाचा मालक आम्ही जायच्या आत फरशी धुऊन ठेवतो," ताई साच्यांकडे बघत म्हणाली. "कुणीतरी यात काहीतरी केलं, आणि मग घासून ठेवलं."

"मी एकदा माईंना बघितलं. मागच्या नळावरून येत होत्या, एप्रनखाली काहीतरी लपवून. म्हटलं, काय आहे? तर म्हणाल्या, काही नाही."

"काही नाही," ताईनं ते दोन शब्द जिभेवर घोळवून बघितले.

सुनेनं सहावा साचा बाहेर काढला. मोठा, गोल, अजून तसाच काळा. "याला कुणाचा हात लागलेला नाही. कुलूप लावलं तेव्हा असा होता, आजही असाच आहे. म्हणून आजचा केक यातच." तिनं तो स्वच्छ फडक्यानं पुसला आणि आतून सूर्यफुलाचं तेल फिरवलं.

"चिकटू नये म्हणून साच्यात कागद नाही घालत?"

"आज नको. उस्तादांना खरपूस कड आवडते." मग ओट्याकडे तोंड ठेवूनच ती पुढे बोलली. "ताई, आज काही झालं तर सोमवारी मी मुंगीला घेऊन जाणार. मी बसते त्या औषधांच्या दुकानामागे दोन खोल्या आहेत, बोलून ठेवलंय. ज्या घरात पोरीला कोण काय खाऊ घालतंय हे कळत नाही, त्या घरात मी तिला ठेवणार नाही."

"त्याला सांगितलंस?"

"सांगितलं. तो गप्प बसला."

"तो जन्मापासून गप्प आहे," ताई म्हणाली.

*

तो म्हणजे ताईचा भाऊ. लिफ्ट दुरुस्त करतो. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना बाहेर काढण्यात त्याचा हातखंडा आहे. स्वतः मात्र तीन आठवडे आई आणि बायको यांच्यामध्ये अडकून पडला होता आणि बटण काही सापडत नव्हतं. आतापर्यंत तो माईच्या बाजूनं होता. बाजूनं म्हणजे काय, तर बायको बोलायला लागली की 'जाऊ दे ना' म्हणायचा.

तो बाहेरच्या खोलीत टेबलं मांडत होता. नेहमीप्रमाणे दोन. एक मुंगीचं, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला मोठ्यांचं, त्यावर साधा पाव, लोणी, चीज. मधून हात धुतल्याशिवाय जायचं नाही हा घरातला कायदा होता.

माई मागून आली. "ऐक ना. केक कशात लावलाय तिनं?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुठल्या साच्यात? लांबट की गोल? छोटा गोल की मोठा?"

त्याच्या हातातला टेबलक्लॉथ अर्धाच पसरलेला राहिला. तीन आठवडे बायको साचे साचे करत होती आणि तो ते एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडून देत होता. आता आईच्या तोंडून तोच शब्द आला आणि त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"तू कशाला विचारतेस?"

"सहज."

"सहज कसं, माई? तू जन्मात कधी काही सहज विचारलं नाहीस."

माई त्याच्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी सांगायचं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीपाशी, उस्ताद बसलेले होते, आणि त्यांचा हात गेला असला तरी कान शाबूत होते.

"मोठा असेल ना? सगळ्यांना पुरायला हवा," ती म्हणाली.

"हो, मोठाच. काळा. का?"

माईचा चेहरा पडला. ती वळली. तो तिच्या पाठीकडे बघत राहिला आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली, कारण त्या क्षणी त्यानं ठरवलं होतं की आज आईच्या हातांवरची नजर हलवायची नाही.

*

माईनं उस्तादांच्या शर्टाची बटणं लावायला घेतली. एका हातानं त्यांना ती जमत नाहीत आणि जमत नाहीत हे त्यांना बोलून दाखवलेलं चालत नाही, म्हणून रोज माई म्हणते, "जरा थांबा, कॉलर वाकडी आहे," आणि कॉलर सरळ करता करता सगळी बटणं लावून टाकते.

"केकचा वास नाही येत," उस्ताद कुरकुरले. "लोण्याशिवाय कसला वास येणार म्हणा. पण करते बिचारी जीव तोडून."

"हं."

"साचा मात्र पहिल्या नंबरचा आहे. चिकटणार नाही बघ. काय पाजलेत ते!"

माईचे हात तिसऱ्या बटणावर थांबले.

नवा साचा पाजल्याशिवाय कुणाच्या हातात द्यायचा नाही, हा बेकरीचा नियम. आतून बाहेरून लोणी चोळायचं, रिकामा साचा कडक आचेत ठेवायचा, निववायचा, पुन्हा चोळायचं. असं तीनदा. पत्रा काळा पडेपर्यंत. कोरा साचा देणं म्हणजे बिनबाहीचा शर्ट देणं. बेकरी बंद झाल्यापासून उस्ताद कुणाशी धड बोलत नव्हते, भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. मग सुनेनं साचे मागितले आणि हा माणूस उठून बसला. बंद बेकरीची छोटी भट्टी पेटवली, तीन दुपारी एका हातानं सहा साचे चोळले. माई शेजारी स्टुलावर बसून लोणी वितळवून देत होती. पन्नास वर्षं दिलं तसंच. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. केकमध्ये लोणी घालतात हे दोघांना माहीत होतं. साच्याला पाजतात ते घालणं नव्हे, ती साच्याची तयारी.

दुसऱ्या वेळी, मुंगीला दवाखान्यात नेल्यावर माई एकटीच घरी होती. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून तिनं ओट्यावरचा छोटा गोल साचा गरम पाण्यात बुडवला आणि वाफेबरोबर तो वास आला. जळक्या लोण्याचा, भट्टीचा, तिच्या सगळ्या आयुष्याचा वास. ती तिथेच खाली बसली. मग तिला आठवलं की दोन्ही वेळा कागद संपला होता. कागद घातला की पोरीला काही होत नव्हतं. सुनेच्या वहीत ग्रॅम न् ग्रॅम लिहिलेला, पण कागद होता की नव्हता ते नाही. कागद काय खायचा असतो?

तेव्हाच सांगायला हवं होतं. हे माईला कळत नव्हतं असं नाही. पण सांगायचं काय, की तुझ्या मुलीचा श्वास ज्यानं कोंडला तो तिचा आजोबा? ज्या कामानं तो माणसांत आला तेच काम? तिनं ठरवलं, गुपचूप घासून टाकायचे. मीठ आणि तारेचा काथ्या घेऊन ती जमेल त्या दुपारी एक साचा घासायची, बोटं सोलवटेपर्यंत. पाच झाले. सहाव्याला हात घालायच्या आत कपाटाला कुलूप लागलं.

आणि ते कुलूप तिला चाबकासारखं लागलं. चाळीस वर्षं जे कपाट तिनं उघडलं-मिटलं त्याला तिच्यासाठी कुलूप. त्यानंतर तोंड उघडायची इच्छाच मेली. 'मी नाही त्यातली' असं सुनेला सांगायला जाण्यापेक्षा जीभ चावून मरणं बरं, असं वाटायचं. सून रोजच्यासारखी कागद घालेल या आशेवर तिनं बारा दिवस काढले होते. हा तिचा गुन्हा, आणि तो तिला पक्का ठाऊक होता.

तिनं शेवटचं बटण लावलं आणि स्वयंपाकघराकडे गेली. आता सांगायचंच. दारात ताईचे गुडघे.

"माई, आज आत नको."

"मला तिच्याशी बोलायचंय. दोन मिनिटं. आत."

"बोल ना. इथूनच बोल."

"सगळ्यांसमोर नाही बोलता येत."

"का?" ताईनं विचारलं. स्वतःच्या आईला तिनं तो प्रश्न जसा रोज अनोळखी माणसांना विचारते तसाच विचारला. आतून सून वळून बघत होती. बाहेरून उस्तादांचा आवाज आला, "काय गं, काय झालं?"

"कागद घातलायस का तेवढं सांग," माई सुनेला घाईघाईनं म्हणाली.

"काय घातलं आणि काय नाही ते मी माझ्या वहीत लिहिते, माई," सून म्हणाली, आणि तिनं दार लोटून घेतलं.

*

केक देखणा झाला होता. भेगा नाहीत, मध्ये बसलेला नाही, आणि कड अशी खरपूस तांबूस की उस्तादांनी मान पुढे काढून बघितलं. सुनेनं तो मुंगीच्या टेबलावर ठेवला. त्याचा एक कणसुद्धा साच्याला चिकटला नव्हता.

मुंगीनं दोन फेऱ्या मारल्या. "यात काय आहे?"

सुनेनं पाठ म्हणून दाखवलं. तांदूळ, बटाटा, जवस, ईसबगोल, अंडी, साखर, नारळाचं दूध, सूर्यफुलाचं तेल, सोडा, व्हिनेगर.

"बास?"

"बास."

उस्तादांनी उजव्या हातानं सुरी धरली, मुंगीनं त्यावर आपला हात ठेवला, दोघांनी मिळून केक कापला. लिफ्टवाल्यानं टाळ्या वाजवल्या, त्याही एक डोळा आईवर ठेवून. सुनेनं पहिला तुकडा बशीत काढला. कडेचा. "मुंगीला," उस्ताद म्हणाले, "पहिला तुकडा तिला."

"मी आधी खाऊन बघते," माई म्हणाली.

"का?" हा 'का' एकदम दोन तोंडांतून आला, नणंदेच्या आणि भावजयीच्या.

मुंगीनं तुकडा उचलला.

हातून पडला असं दाखवता आलं असतं, चक्कर आली असं म्हणता आलं असतं. पण माईला नाटक येत नाही आणि वेळही नव्हता. तिनं मोठ्यांच्या टेबलावरची लोण्याची सुरी उचलली, मधला कायदा ओलांडून तीन ढांगांत गेली, मुंगीच्या हातातला तुकडा हिसकावला आणि ती लोण्यानं माखलेली सुरी मुठीपर्यंत केकमध्ये खुपसली.

सुनेनं मुंगीला ओढून मागे घेतलं आणि तिचे हात पुसायला लागली, बोटं, बोटांच्या बेचक्या, मनगट, परत बोटं.

"माई!" लिफ्टवाला ओरडला. तो सबंध वेळ तिच्याकडेच बघत होता आणि तरी त्याला तिला अडवता आलं नव्हतं.

"बघितलं?" सून म्हणाली. "सगळ्यांनी बघितलं ना? तीन आठवडे मी स्वतःला शिव्या घालतेय, की म्हाताऱ्या माणसावर संशय घेतेस, लाज वाटत नाही का तुला. का, माई? काय बिघडवलं हिनं तुमचं?"

"केक टाकून दे," माई म्हणाली. "मग मला काय बोलायचं ते बोल."

"संशय कसला?" उस्तादांनी विचारलं. त्यांना यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. मुंगी आजारी पडली एवढंच त्यांना माहीत. "मला कुणी सांगणार आहे का?"

सांगितलं ताईनं. तिनं केस जिंकली होती, पण चेहरा पांढरा पडला होता आणि आवाज ऑफिसातला राहिला नव्हता. "साचे, उस्ताद. मुंगीला दोनदा जे झालं ते कुठून तरी पोटात गेलेल्या दुधानं. पीठबीठ सगळं चांगलं निघालं. आणि नंतर पाच साचे कुणीतरी गुपचूप घासून लख्ख केलेले सापडले."

"घासले?" उस्ताद खुर्चीतून अर्धे उठले. "माझे साचे? कुणी घासले?"

"मी," माई म्हणाली. "बसा तुम्ही. नंतर बोलू."

"नंतर काय? जन्म गेला तुझा बेकरीत आणि पाजलेला साचा घासतेस? तीन दुपारी गेल्या माझ्या! एका हातानं तीन-तीनदा चोळलेत मी ते, आणि तूच तर शेजारी बसून मला लोणी..."

ते थांबले.

सुनेचा पुसणारा हात थांबला. ती फार्मासिस्ट होती, तिला तीन आठवड्यांत जे सुचलं नव्हतं ते त्या एका शब्दाबरोबर सगळं जुळलं: काळे साचे, संपलेला कागद, मागच्या नळावरून येणारी माई, आणि कुणाचा हात लागलेला नाही म्हणून आज मुद्दाम निवडलेला सहावा.

उस्तादांनी हात पुढे केला. "तुकडा आण."

"नको," माई म्हणाली.

"आण म्हणतो ना."

माईच्या मुठीत चुरगळलेला तुकडा होता, मुंगीच्या हातून हिसकावलेला. सुरी लागायच्या आधीचा. तो तिनं त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी फक्त कड तोडली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि पंचवीस कारागिरांचा माल तपासायचे तसं हळूहळू चावलं. मग बराच वेळ गिळलंच नाही.

"कडेला लोणी लागतंय," ते म्हणाले.

आणि ते रडायला लागले. माईखेरीज कुणी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. लिफ्टवाला त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसला आणि त्यानं त्यांचा डावा, निर्जीव हात धरला. ताई उठून उभी राहिली, परत बसली.

"मी दिलं तिला," उस्ताद म्हणत होते. "मीच दिलं."

"आपण दोघांनी दिलं," माई म्हणाली. "तुम्हाला एकट्याला कशाला मान हवा सगळा?"

सून पुढे आली. तिला माफी मागायची होती, पण तोंडातून आला तो रागच. "मला का नाही सांगितलंत? आज हिनं खाल्लं असतं तर? एक शब्द, माई!"

"चुकलं," माई म्हणाली. "ते माझं चुकलंच, आणि ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण तूही मला एकदा विचारायचं होतंस. सरळ, समोर बसवून. माई, तुम्ही काही घातलंत का? मी नाही म्हटलं असतं आणि बोलता बोलता सगळं निघालं असतं. तू विचारलं नाहीस. कुलूप लावलंस."

"मी भ्यायले होते हो."

"माहीत आहे. मीही."

ताई भिंतीकडे बघत म्हणाली, "मी तर विचारत होते आणि ऐकत नव्हते." तिच्यासारख्या बाईकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं. भावजयीनं तिच्याकडे बघितलं नाही.

मुंगी हे सगळं ऐकत मध्ये उभी होती. रडणारे आजोबा, सुरी खुपसलेला केक आणि एकमेकींसमोर उभ्या असलेल्या आई आणि आजी. तिनं बराच वेळ धीर धरला होता. "मग मी काय खाऊ?" तिनं विचारलं. "मला भूक लागलीय."

सून स्वयंपाकघराकडे निघाली आणि दोन पावलांवर थांबली.

"माई," ती म्हणाली, "तुम्ही द्या तिला काहीतरी."

माईनं मान हलवली. तिनं स्वतःचे हात पुढे धरून बघितले, काथ्यानं सोलवटलेले, एकावर केकचा चुरा आणि दुसऱ्यावर लोणी. "नाही गं. तूच दे. मलाच माझ्या हातांची खात्री राहिली नाही आता."

ती नळाशी गेली. हात धुतले, पुसले, बघितले आणि परत साबण घेतला. परत धुतले. तिसऱ्यांदा साबणाकडे हात गेला तेव्हा मुंगी तिच्याजवळ गेली. टोपलीतलं एक केळं तिनं उचललं होतं.

"माई, हे सोलून दे. याला साल असते. आतलं तुझ्या हाताला लागतच नाही."

माईनं केळं घेतलं. देठ तिच्याकडून मोडेना. लिफ्टवाला बघत होता, ताई बघत होती, उस्ताद ओल्या डोळ्यांनी बघत होते. सून तेवढी बघत नव्हती. तिनं मुद्दाम पाठ फिरवली होती, खिडकीकडे तोंड करून ती उभी होती, आणि आपण बघत नाही हे माईला नीट दिसावं म्हणून केळं खाऊन होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.